काठावरचा मासा आणि आपला आडोसा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी डॉक्टरसाहेब मधुमेहावर बोलले, वकीलसाहेब मृत्युपत्रावर बोलले. आता हे गुरुजी उठून मासे पकडण्यावर बोलणार म्हटल्यावर कमिटीत थोडी चुळबुळ झाली, हे माझ्या कानावर आलं आहे. निम्मी सोसायटी माळकरी आणि शाकाहारी. त्यांना आधीच शब्द देतो, आज आपण कढईपर्यंत जाणार नाही. नदीच्या काठावरच थांबणार आहोत, आणि तेही लपून.

कारण माझा विषय तेवढाच आहे. काठाजवळचा सावध मासा आणि त्याला न दिसता बसणारा माणूस. मी ३२ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं कोयनेच्या काठावर गळ घेऊन बसलो. या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळच्या आहेत, ते सांगायचं आहे. आणि शेवटी एक विनंती करायची आहे, ती आपल्या सोसायटीशी संबंधित आहे.

आपल्यातले बरेच जण सुट्टीच्या दिवशी हौसेनं गळ घेऊन मागं नदीवर जातात आणि परत येऊन सांगतात, "गुरुजी, नदीत मासेच राहिले नाहीत हो. दोन तास बसलो, बूच हललं नाही." नदीत मासे पूर्वीइतके नाहीत हे खरंच आहे. पण मी गच्चीवरून ही मंडळी जाताना पाहतो. पांढराशुभ्र शर्ट, धपाधप पावलं, थेट काठाच्या टोकावर उभं राहायचं, वाकून पाण्यात बघायचं, आणि मग शिसं बांधलेला गळ भिरकावून नदीच्या मध्यावर टाकायचा. जे मासे पायापासून पाच फुटांवर होते ते केव्हाच निघून गेले. आणि ज्या मध्यावर गळ पडला, तिथं त्या वेळी बहुधा मासा नव्हताच.

मासा काठाशी का येतो? पोटासाठी आणि जिवासाठी. काठावरच्या उंबराची, जांभळाची, करंजाची फळं-फुलं पाण्यात पडतात. पानांवरचे किडे, मुंग्या, टोळ पडतात. वाळुंजाची मुळं पाण्यात लोंबतात, त्यांच्यात झिंगे आणि बारकी पिल्लं असतात. धारेचा जोर काठाशी कमी, म्हणजे एका जागी उभं राहायला कष्ट कमी. वर फांदीची सावली, म्हणजे वरून घारीला किंवा खंड्याला दिसण्याची भीती कमी. मरळ तर काठाचाच मासा. त्याला अधूनमधून वर येऊन हवा घ्यावी लागते, म्हणून शेवाळाच्या कडेला हलकासा 'पुळुक' आवाज आला की समजावं, स्वारी घरी आहे. चिलापी हा १९५२ साली बाहेरून भारतात आणलेला मासा. त्याचा नर उथळ काठालाच खड्डा करून घर मांडतो. सकाळ-संध्याकाळ रोहू आणि मृगळसुद्धा चरायला कडेला येतात.

म्हणजे मासा आपल्या पायाशीच आहे. पण उथळ पाण्यात आलेला मासा म्हणजे रस्त्यावर आलेलं हरीण. खाणं तिथं आहे आणि धोकाही तिथंच आहे, हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणून काठाचा मासा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात भित्रा.

आता पोरांनो, जरा लक्ष द्या. माशाला आपण कसे दिसतो? दहावीतल्या प्रकाशाच्या धड्यात अपवर्तन येतं. हवेतून पाण्यात शिरताना किरण वाकतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. यामुळे पाण्यातल्या माशाला वरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. ही खिडकी साधारण ९७ अंशांची. इकडच्या क्षितिजापासून तिकडच्या क्षितिजापर्यंतचं १८० अंशांचं आकाश या ९७ अंशांत दाबून बसवलेलं असतं. खिडकीबाहेर त्याला पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा दिसतो आणि त्यात नदीचा तळ दिसतो. त्यालाच आपण पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतो, ज्याची व्याख्या तुम्ही पाठ करता आणि पेपर झाल्यावर विसरता.

खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असतो. मासा २ फुटांवर असेल तर साडेचार फूट, ४ फुटांवर असेल तर ९ फूट. पण आपल्या कामाची गोष्ट पुढंच आहे. ही खिडकी कडेला फार चेपलेली असते. क्षितिजालगतचे सगळ्यात खालचे १० अंश तिच्यात जेमतेम १ अंशात मावतात, आणि तिथं प्रकाशही फार थोडा आत शिरतो. म्हणजे त्या १० अंशांच्या खाली जो राहील, तो माशाला खिडकीच्या चौकटीवरच्या अंधूक रेघेइतका दिसतो. त्याच्यावर ज्याचं डोकं निघालं, तो दिसला.

याचा व्यवहारातला हिशोब अगदी सोपा आहे, तिसरीतल्या मुलालाही येईल. माशाच्या खिडकीच्या कडेपासून आपलं अंतर किती फूट, त्याला सहानं भागा. येईल तेवढ्या उंचीच्या खाली राहा. अंतर ३० फूट, तर ५ फुटांपर्यंत चालेल, थोडं वाकून उभं राहता येतं. १८ फूट, तर ३ फूट, म्हणजे मांडी घालून बसा. १२ फूट, तर २ फूट, म्हणजे पोटावर झोपा किंवा झुडपामागं जा. आणि ही उंची पाण्यापासून मोजायची, आपल्या पायापासून नाही. आपल्या मागचा काठ पाण्यापासून ४-५ फूट उंच आहे. त्याच्यावर साडेपाच फुटांचा माणूस उभा राहिला की पाण्यापासून दहा फूट झाला. त्याला लपायला ६० फूट मागं सरकावं लागेल, म्हणजे तो आपल्या पार्किंगमध्येच येईल!

वारा सुटला, पाण्यावर लहरी उठल्या, की ही खिडकी फुटक्या काचेसारखी होते. तेव्हा आपल्याला थोडी सूट मिळते. भुरभुर पाऊस, गढूळसर पाणी, धावती धार, या सगळ्यात थोडं पुढं सरकता येतं. सगळ्यात कठीण परीक्षा म्हणजे डिसेंबर-जानेवारीतली नितळ, निवांत सकाळ. त्या दिवशी पाणी आरसा असतं आणि मासा परीक्षक.

उंचीनंतर सावली. सूर्य उगवून पाऊण एक तास झाला की तो क्षितिजावर साधारण १० अंश वर आलेला असतो. त्या वेळी साडेपाच फुटांच्या माणसाची सावली ३० फूट लांब पडते. सूर्य पाठीशी घेऊन काठावर आलात की तुम्ही पोचण्याआधी तुमची सावली पाण्यात पोचते. सूर्य समोर किंवा बाजूला राहील अशी जागा निवडा. चकाकी डोळ्यावर येते, पण त्याला टोपी आहे. काठीची सावलीसुद्धा धरा हिशोबात. आयझॅक वॉल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १६५३ साली गळाच्या मासेमारीवर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं, त्यातही काठीच्या सावलीनं मासा खाली दबतो, हे नोंदवून ठेवलं आहे. आणि हा काही साहेबांचाच शौक होता असं समजू नका. त्यांच्या पाचशे वर्षं आधी, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचं खाणं, गळ, दोरी, काठी, सगळं त्यात आलं आहे. म्हणजे या विषयावर बोलणारा मी काही पहिला रिकामटेकडा नव्हे.

तिसरी गोष्ट पाठीमागचा पडदा. आडोसा म्हटलं की आपण पुढं काहीतरी शोधतो. पुढं झुडूप मिळालं तर उत्तमच. पण पुढं काही नसलं तरी पाठीशी झाड असू द्या. मागं मोकळं आकाश असेल तर माणूस कागदावरच्या शाईच्या डागासारखा उठून दिसतो. मागं करंजाचा गडद पाला असेल आणि अंगात मातकट, हिरवट कपडे असतील तर तो पाल्यात विरतो. मासा रंगांधळा नाही. माशांना रंग ओळखता येतात, हे कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रयोगांनी दाखवून दिलं. तेच पुढं मधमाश्यांची भाषा उलगडणारे आणि १९७३ चं नोबेल मिळवणारे फ्रिश. तेव्हा पांढरा शर्ट आणि पिवळीधमक टोपी घरी ठेवा. घड्याळाची काच चमकते, तेही खिशात टाका.

पण रंगापेक्षा हालचाल वाईट. याचा गुरू आपल्या मागच्या काठावर रोज येतो. वंचक. काही जण त्याला ढोकरी म्हणतात. बसला की मातीच्या रंगाचा, दहा फुटांवरून दिसत नाही. उडाला की पंख पांढरेशुभ्र, आणि तेव्हा आपण दचकतो. नाव बघा काय ठेवलंय लोकांनी, वंचक, म्हणजे फसवणारा! तो काय करतो? खांद्यात मान घालून, बुटका होऊन, पाण्याच्या कडेला थांबतो. पाऊल उचललं तर ते ठेवायला एवढा वेळ लावतो की आपला चहा पिऊन होतो. चोच मात्र निमिषात मारतो. मुलांनो, मोबाईलवरचे मासेमारीचे व्हिडिओ बघण्यापेक्षा अर्धा तास वंचक बघा. त्यात सगळा अभ्यासक्रम आहे.

चौथी गोष्ट पाऊल. नदीवर बोलू नये, असं सगळे सांगतात. आपसात हळू बोललेलं फारसं बिघडत नाही. हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळा परत फिरतो, त्याच्या ऊर्जेचा हजारावा भागच काय तो आत जातो. पण काठावर पाय आपटला तर तो हादरा जमिनीतून थेट पाण्यात जातो. आणि पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो. रोहू, कटला, मृगळ, खडस, शिंगाळा यांच्या शरीरात हवेची पिशवी असते आणि ती बारीक हाडांच्या साखळीनं आतल्या कानाशी जोडलेली असते. ही पिशवी म्हणजे ढोलाचं कातडं समजा. याशिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, तिनं त्यांना जवळच्या पाण्याची लहानशी हालचालसुद्धा कळते. म्हणून गाडीचं दार आपटायचं नाही. डबा दगडावर ठेवायचा नाही, गवतावर ठेवायचा. टाच आधी टेकायची नाही. आणि पाण्यात उतरायचं तर अजिबात नाही.

माझ्या लहानपणी आमच्या शेजारी एक भोई आजोबा होते. शाळेत गेलेले नव्हते. अपवर्तन हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नसेल. त्यांचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत होतं. "आरं पोरा, सोयऱ्याच्या घरी जातो तसं नदीवर यायचं. आधी भाईर थांबायचं, मग वाकून आत यायचं." आणि दुसरं, "तू त्याला दिसलास की त्यो तुला दिसायचा न्हाई." मी पुढं पुस्तकांतून जे शिकलो, ते या दोन वाक्यांची आकडेमोड होती.

ही 'बाहेर थांबण्याची' पद्धत आता क्रमानं सांगतो. काठापासून ३० फुटांवर थांबा. पाण्याकडं बघा. कुठं बुडबुडे, कुठं गवताची काडी हलते, कुठं पाणी गढुळलंय. धार कुठं चालली आहे ते पाहा. वाहत्या पाण्यात मासा धारेच्या दिशेला तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. त्याचे डोळे दोन बाजूंना, त्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसतं, फक्त बरोबर पाठीमागची एक फट अंध असते. म्हणून खालच्या अंगानं, त्याच्या शेपटीकडून या. मात्र काठाला जिथं पाणी उलटं फिरतं, तिथं धार उलटी म्हणून मासाही उलटा उभा असतो. तिथं वरच्या अंगानं जायचं. म्हणजे नदीची नव्हे, त्या कोपऱ्यातल्या पाण्याची दिशा बघायची.

गळ, आमिष, बूच, सगळी तयारी तिथंच मागं करून घ्या. शेवटचं अंतर बसून, सरकत जा. जागेवर पोचलात की दहा मिनिटं काही करू नका. तुम्ही कितीही जपून आलात तरी थोडी चाहूल लागलेली असते. ती विरू द्या. मग काठी आडवी, जमिनीलगत धरून झुडपामागून पुढं करा. पाण्यावर फक्त टोक जाऊ द्या. आमिष माशाच्या डोक्यावर टाकायचं नाही. त्याच्या वरच्या अंगाला, काठालगत अलगद सोडायचं आणि धारेनं त्याच्याकडं जाऊ द्यायचं. शिसं शक्य तेवढं कमी. काठाजवळ तंगूस फार थोडी सुटलेली असते, म्हणून मासा लागल्यावर पहिल्या झटक्याला ती तुटू शकते. रिळाचा दाब सैल असू द्या.

आणि मासा लागला की त्याला त्याच्या सोबत्यांपासून दूर घेऊन जा. याच फ्रिशसाहेबांनी १९३८ साली आणखी एक गोष्ट सांगितली. काही जातींच्या माशांची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात मिसळतं आणि ते कळताच त्याच जातीचे बाकीचे मासे घाबरून पांगतात. रोहू-खडसाचं कूळ यात येतं. तेव्हा एका डोहात एका सकाळी फार हाव धरण्यात अर्थ नाही. लहान मासा लागला तर हात ओला करून त्याला धरा, गळ काढा आणि थोडं खालच्या अंगाला सोडा. मरळ पिल्लांच्या थव्याबरोबर असेल तर तिच्यावर गळ टाकूच नका, आई-बाप गेले की तो थवा संपतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला कडेला येतात, तेव्हा गळ खुंटीला. आणि जिथं मच्छीमार सहकारी संस्थेचा ठेका असेल, तिथं त्यांना विचारल्याशिवाय काठी उघडायची नाही. आपणही सहकारी संस्थाच आहोत, दुसऱ्या संस्थेचा मान आपण नाही राखायचा तर कोणी?

मंडळी, मासा जन्मतः आपल्याला भितो का? इथं मला महाडजवळचं वाळणकोंड आठवतं. काळ नदीत तिथं देवीचा डोह आहे. त्यातले मासे देवीचे, म्हणून कोणी त्यांना हात लावत नाही. तुम्ही काठावर उभे राहा, चुरमुरे टाका, मोठमोठे खडस पायाशी गोळा होतात. खडस म्हणजे महाशीर. ज्याला इंग्रज शिकारी नदीतला सगळ्यात चलाख मासा मानत, तोच हा. आपल्या दख्खनच्या खडसाचं शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री'. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून ते दिलं, आणि 'खुद्री' हा शब्द आपल्याच लोकांच्या तोंडचा. तर, देवीच्या डोहात हा मासा माणसाकडं येतो आणि बाहेरच्या पाण्यात माणसाच्या सावलीला पळतो. म्हणजे भीती आपण शिकवलेली आहे. त्यानं आपल्याकडूनच घेतलेला तो धडा आहे.

आता माझी विनंती.

आपल्या कंपाउंडच्या भिंतीपासून नदीपर्यंतचा जो पट्टा आहे, करंज, वाळुंज, दोन उंबर, निरगुडी आणि खाली माजलेलं गवत, तो 'साफ' करावा, फरशी घालून बाकं ठेवावीत आणि मोठे दिवे लावावेत, असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढं येणार आहे. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. संध्याकाळी ज्येष्ठांना बसायला जागा हवी. गवतातून साप येतात, ही काळजीही खोटी नाही. मी स्वतः सत्तरी ओलांडली आहे, बाक मलाही हवंय.

पण मी मघापासून तुम्हाला जे सांगतोय, ते आठवा. माझा आडोसा म्हणजे कोणता? तेच करंज, तीच निरगुडी. आणि माशाचा आडोसा? त्याच उंबराची सावली, त्याच वाळुंजाची मुळं. ज्यामागं मी लपतो, त्याच्याच खाली तो लपतो. ते काढलं की माझी जागा जाईल हे सोडा, मी म्हातारा माणूस, दुसरीकडं बसेन. पण मासा काठाला यायचं कारणच संपेल. फळ पडणार नाही, किडा पडणार नाही, सावली नाही, मुळं नाहीत. मासा गेला की खंड्या गेला, वंचक गेला. मग दिव्याखाली बाकावर बसून आपण काय बघायचं? पलीकडच्या काठावरचे दिवे?

शिवाय २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. पाणी आपल्या भिंतीला लागलं होतं. ओसरल्यावर मी मागं जाऊन बघितलं. जिथं झाडं होती, तिथला काठ जागेवर होता. जिथं पूर्वी वाट करायला झाडोरा काढला होता, तिथं माती धसून खांडी पडली होती. मुळांनी काठ धरून ठेवला होता, हे सांगायला तज्ज्ञ बोलवायची गरज नव्हती.

म्हणून माझी उपसूचना अशी. भिंतीलगतचं दहा-बारा फुटांचं गवत नियमित कापू, म्हणजे सापाची भीती कमी होईल. बाकं त्याच पट्टीत, भिंतीच्या बाजूनं ठेवू. दिवे लावायचे तर बुटके आणि जमिनीकडं तोंड केलेले लावू, पाण्यावर झोत नको. आणि पाण्यालगतचा पट्टा, झाडांसकट, आहे तसा राहू देऊ. त्यातून जायला एकच पायवाट असू दे, तीही वाकडी.

मागची दोन वर्षं सोसायटीतली सहा मुलं-मुली रविवारी सकाळी माझ्याबरोबर येतात. त्यातला एक मुलगा, नाव सांगत नाही, तो इथंच बसलाय आणि आता खाली बघतोय, वर्गात पाच मिनिटं एका जागी बसत नाही अशी त्याच्या आईकडं कायमची तक्रार असते. तो गेल्या महिन्यात निरगुडीच्या मागं चाळीस मिनिटं हलला नाही. मासा लागला नाही. पण रोहू दोनदा त्याच्या पुढ्यातून, हाताच्या अंतरावरून गेला. परत येताना मला म्हणाला, "गुरुजी, त्याला मी कळलोच नाही!" मासा मिळाल्यापेक्षा त्याला त्याचा आनंद जास्त होता. आपण दुसऱ्याला कसे दिसतो, कसे ऐकू येतो, याचा विचार करून चालणं, हे त्या वयात किती मुलांना सुचतं? मोठ्यांनाही सुचत नाही. वरच्या मजल्यावर रात्री खुर्ची ओढणाऱ्यांना विचारा!

पालकांना मात्र दोन गोष्टी बजावून सांगतो. मुलं एकटी नदीवर जाणार नाहीत, कायम मोठं माणूस बरोबर. आणि धरणातून पाणी सोडल्याची सूचना किंवा भोंगा आला, अथवा नितळ पाणी एकदम गढूळ होऊन वाढायला लागलं, की काठी, डबा, मासा, काही न उचलता वर यायचं. पावसाळ्यात तर काठ बंदच. विजेच्या तारांखाली लांब काठी उभी करायची नाही, कार्बनच्या काठीतून वीज जाते.

सभेत ठरावाच्या वेळी हात वर करायचा तो तुमच्या विचारानं करा. फक्त त्याआधी एक रविवार, सकाळी साडेसहाला, माझ्याबरोबर मागच्या पट्ट्यात या. शाकाहारी मंडळींनी तर नक्की या, गळ न्यायची गरज नाही. मातकट कपडे घाला, चप्पल मऊ असू द्या, आणि उंबराच्या मागं पंधरा मिनिटं गप्प बसा. काय ठेवायचं आणि काय काढायचं, ते मग आपण सभेत बोलू.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत. इतक्या शांततेत आपल्या नदीचे मासेही काठाला आले असते.